उतरलेल्या बॅटऱ्या

वॉचमनच्या खोलीत एकच प्लग होता. त्याच्यासमोर सिमेंटचं रिकामं पोतं अंथरून नाना बसले होते आणि चार्जरवरच्या लाल दिव्याकडं बघत होते. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. थंडीत मुलं बसतात तसे. पण दिवस एप्रिलचे होते आणि वरच्या पत्र्यामुळं त्या खोलीत उभं राहवत नव्हतं.

मी डबा पुढं केला. त्यांनी डब्याकडं बघितलं, परत दिव्याकडं बघितलं.

“एवढी एक होऊ दे,” ते म्हणाले. “वर पोरं खोळंबल्यात.”

वरची पोरं म्हणजे पन्नाशी ओलांडलेले इलाहीचाचा आणि दोन मुलांचा बाप असलेला सर्जेराव. नानांच्या हाताखाली एकदा जो आला तो त्यांच्या लेखी पोरच राहिला. इलाहीचाचा तर मिसरूड फुटायच्या आधी आले होते. माझ्या जन्माची बातमी गल्लीत त्यांनीच सांगितली, असं आई म्हणायची. आई गेल्यावर घरात नाना आणि मी असे दोघंच उरलो. मी सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते, आणि मिरजेत धोंडीराम मिस्त्री कुठं राहतात असं विचारलं तर रिक्षावाले थेट आमच्या दारात आणून सोडत.

ती इमारत रेल्वे फाटकाच्या पलीकडची, नवी कोरी. चौथ्या मजल्यावर एका डॉक्टरीणबाईंच्या फ्लॅटमध्ये कपाटांचं काम चाललं होतं. मीटर अजून बसले नव्हते, लिफ्टच्या जागी नुसता खड्डा होता, आणि वीज म्हणावी ती फक्त खाली, वॉचमनच्या खोलीत. त्यामुळं सगळं काम बॅटरीच्या मशीनवर.

ही मशीन पहिल्यांदा आली तेव्हा नानांनी त्यांना खेळणी म्हटलं होतं. पुढं ती पटली, आणि पटल्यावर त्यांनी हुकूमच काढला. ज्याला मशीन घ्यायचं त्यानं एकाच कंपनीचं घ्यायचं. कटर असो, ड्रिल असो, स्क्रूचं मशीन असो, एकाची बॅटरी दुसऱ्याला बसली पाहिजे. सर्जेरावानं मेव्हण्याचं ऐकून दुसऱ्या कंपनीचं ड्रिल आणलं, तर नानांनी त्याला ते परत करायला लावलं. वेगळी चूल मांडायची असेल तर कामही वेगळं बघ, असं त्याला सुनावलं होतं. बॅटऱ्या सगळ्यांच्या मिळून होत्या. एकाही बॅटरीवर नाव नाही, खूण नाही. नियम तेवढा एक होता. ज्याचं काम अर्धवट अडकलंय, भरलेली बॅटरी त्याला. भोक अर्धं पडलंय, स्क्रू अर्धा आत गेलाय, पातं फळीच्या मध्यात थांबलंय, तर बाकीच्यांनी थांबायचं आणि त्याला पुढं जाऊ द्यायचं. मिस्त्रीनंसुद्धा थांबायचं. हा नियम नानांनी घातला आणि तो सगळ्यांत कसोशीनं त्यांनीच पाळला.

त्या बॅटऱ्यांवर दिवे नव्हते. भरलेली आणि रिकामी दिसायला सारखीच. मशीनला लावून बटण दाबल्यावरच काय ते कळायचं.

डबा तिथंच ठेवून, वर पाणी देऊन येते असं सांगून मी जिने चढले. पाणी हे निमित्त होतं. मला इलाहीचाचांशी बोलायचं होतं. त्या सकाळी मी नानांना मेंदूच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले होते. कंपवात आहे हे आम्हाला आधीच कळलं होतं. नवीन कळलं ते हे, की हात हलतो ही त्यातली लहान गोष्ट. हलणारा हात कामाला लागला की बऱ्याचदा शांत होतो. खरी भीती उलटी असते. हात धरलेलं सोडत नाही. सोड म्हटल्यावर बोटं ऐकेपर्यंत मध्ये वेळ जातो, आणि तो वेळ कधी वाढेल ते सांगता येत नाही. फिरत्या पात्याचं मशीन आजपासून बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नानांनी विचारलं, चहाचा कप धरला तर चालेल का. डॉक्टर म्हणाले, चालेल की.

“मग मशीन कपापरास जड असतंय,” नाना म्हणाले. “त्याच्या वजनानंच हात गप बसतोय.”

डॉक्टर हसले. मी हसले नाही, कारण नानांनी हे हसण्यासाठी सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून ते थेट कामावर आले होते. रिक्षात मी तीन वेळा बोलायला सुरुवात केली आणि तिन्ही वेळा त्यांनी बाहेरची एखादी नवी इमारत दाखवून तिच्या खिडक्या कशा चुकल्यात ते सांगितलं.

वर पोहोचले तेव्हा इलाहीचाचा दाराच्या चौकटीत ड्रिल धरून उभे होते. माझ्या चपलांचा आवाज आला तसं त्यांनी झटक्यात ड्रिल थांबवलं, त्याच्या मुठीखालची बॅटरी काढून मागं लपवली, पायाजवळच्या बादलीतून दुसरी उचलून लावली आणि बटण दाबलं. ड्रिल नुसतं कण्हलं आणि गप्प झालं. “उतरली बघा,” असं मोठ्यानं म्हणत ते वळले, आणि मला बघून त्यांचा चेहरा उतरला.

“तू व्हय. मला वाटलं नाना.”

त्यांनी लपवलेली बॅटरी काढून परत ड्रिलला लावली. ते पूर्ण ताकदीनं फिरलं. मी तिथंच उभी राहिले. सर्जेराव आतल्या खोलीतून डोकावला आणि परत आत गेला.

मग इलाहीचाचांनी सगळं सांगितलं, खाली बघत, भोकातला भुसा बोटानं साफ करत. गेल्या महिन्यात बुधगावच्या कामावर नाना प्लायची मोठी फळी कापत होते आणि पलीकडचं टोक सर्जेरावानं गुडघ्यावर घेतलं होतं. रेघ संपली. फळी संपली. नानांचं बोट बटणावरून सुटलंच नाही. कटर तसाच पुढं गेला आणि सर्जेरावाची पँट गुडघ्यावर फाडून गेला. सर्जेराव आतूनच म्हणाला, की नुसती पँटच गेली, आणि बायकोला त्यानं कुत्र्यानं फाडली असं सांगितलं. नानांना कळलंच नव्हतं. त्यांना वाटलं फळी सरकली, आणि ती नीट धरली नाही म्हणून त्यांनी सर्जेरावालाच झापलं.

“त्या दिवसापासनं हे चाललंय,” चाचा म्हणाले. नाना भरलेल्या बॅटऱ्या घेऊन वर आले की दोघांचीही मशीन बंद पडतात. दोघांचंही काम नेमकं अर्धवट असतं. नियमाप्रमाणं भरलेल्या बॅटऱ्या दोघांना मिळतात आणि नानांच्या वाट्याला बादलीतल्या उतरलेल्या येतात. ते कटरला एक लावतात, दुसरी लावतात, शिव्या घालतात आणि चार्जिंगला खाली घेऊन जातात. चार जिने उतरायचे, दिवा हिरवा होईपर्यंत बसायचं, चार जिने चढायचे. त्यात दिवस सरतो. नाना कामावर असतात आणि कटर त्यांच्या हातात फिरत नाही.

मी चाचांना डॉक्टरांचं सांगितलं. मग मी म्हटलं, की त्यांनी एकदा तोंडावर सांगून टाकावं. नाना माझं ऐकत नाहीत, त्यांचं ऐकतील.

“उजू,” चाचा म्हणाले, “पटाशी कशी धरायची ते ह्या माणसानं माझी बोटं धरून शिकवलंय. त्याच बोटानं त्याला खाली बस म्हणून दाखवू?”

जिन्यातून नानांच्या पायांचा आवाज आला. सावकाश, एक पाय, मग दुसरा त्याच्याच पायरीवर. चाचांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा ती बॅटरी बदलली.

नंतरचं मी डोळ्यांनी बघितलं. नाना दारात आले, कपाळावर घाम, दोन्ही हातांत एकेक भरलेली बॅटरी. आतून सर्जेरावानं हाक दिली, की नाना, बिजागरीचा स्क्रू अर्ध्यावर अडकलाय. चाचांनी गप्प पडलेलं ड्रिल दाखवलं. नानांनी एकदा भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळीकडं बघितलं. तिच्यावर त्यांनीच आल्या आल्या पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती. मग एक बॅटरी आत दिली, एक चाचांना दिली. बादलीतली उचलून कटरला लावली. कटर घुरघुरला आणि थांबला.

“सगळ्या बसल्यात,” ते मला म्हणाले. “भरून आणतोय आन् अर्ध्या घटकेत बसत्यात. कंपनीनं फसवलंय बघ आपल्याला.”

त्यांच्या आवाजात राग होता, आणि त्या रागाखाली एक हायसं वाटणंही होतं. दोष बॅटरीत होता, हातात नव्हता. मी मान हलवली. चाचांनीही हलवली. त्या खोलीत त्या क्षणी आम्ही तिघं त्यांच्याशी खोटं बोलत होतो आणि बोलत होते एकटे नानाच.

परवा नानांचं वर्षश्राद्ध झालं. इलाहीचाचा आले, पंगतीला न बसता मागच्या कट्ट्यावर पान घेऊन बसले, जेवले आणि गेले. आम्ही दोघं त्या एप्रिलबद्दल कधी बोललो नाही. कुणी काही लपवलं म्हणून नव्हे. बोलण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

दवाखान्यात जाऊन आल्यावरच्या त्या आठवड्यात घरी जेवताना नानांना दुसरा विषय नव्हता. बॅटऱ्या का बसतात याचे त्यांनी निरनिराळे तर्क काढले. वॉचमनच्या खोलीतली वीज कमी दाबाची असेल. ऊन फार आहे म्हणून असेल. मग त्यांनी ठरवलं, की सांगलीला बाफनाच्या दुकानात सगळ्या बॅटऱ्या तपासून घ्यायच्या. त्याच्याकडंच घेतल्या होत्या आणि त्याच्याकडं तपासायचं यंत्र होतं. मी म्हटलं, मी कॉलेजला जाताना देऊन येते. ते म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं. मी म्हटलं, नव्याच घेऊ या. ते म्हणाले, जुन्या का मेल्या ते कळल्याशिवाय नव्या घेणारा माणूस मूर्ख.

मी इलाहीचाचांना फोन केला. त्यांना भीती वाटली नाही. उलट ते हसले. त्यांचं म्हणणं असं, की दुकानदार जुनी वस्तू चांगली आहे असं जन्मात म्हणणार नाही. बाफना चार बॅटऱ्या मेल्यात म्हणून सांगेल, चार नव्या दाखवेल, नाना त्याच्याशी भांडतील आणि परत येतील. त्यांना स्वतःचं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटेल. त्यानं आपलं बरंच होईल. मला ते पटलं. दुकानदाराच्या लबाडीवर विसंबून आम्ही दोघं निवांत झालो.

शुक्रवारी दुपारी चाचा नमाजला जायचे आणि काम सैल पडायचं. नानांनी सगळ्या बॅटऱ्या पिशवीत भरल्या. मी स्कूटर काढली.

बाफना नेमका प्रामाणिक निघाला. पोरसवदा होता, बाप नुकताच गल्ल्यावरून उठलेला, आणि यंत्र नवीन आणलेलं असल्यामुळं दाखवायची हौस. त्यानं एकेक बॅटरी लावली, आकडे आम्हाला दिसतील असं यंत्र फिरवलं. मी मध्येच म्हणाले, की वेळ लागत असेल तर राहू दे. नानांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

“मिस्त्री, ठणठणीत आहेत सगळ्या,” बाफना म्हणाला. “दोन वर्षं तरी बघायला नको. चार्जिंग उतरलंय एवढंच. बसा, भरून देतो.”

नाना बसले नाहीत. त्यांनी त्यातली एक उचलली आणि ही परत लावून बघ म्हणाले. त्यानं लावली. तेच. मग त्यांनी विचारलं, एकदा भरली की किती चालायला पाहिजे. बाफना म्हणाला, तुमच्या कामाला दुपारपर्यंत सहज, जास्तच.

“आन् अर्ध्या घटकेत बसली तर?”

बाफना पिशवीतली पुढची बॅटरी काढत होता. तो सहज, हसत म्हणाला, “मग कुणीतरी चेष्टा करतंय तुमची.”

नानाही हसले. पण जरा उशिरा, आणि ते हसू चेहऱ्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ राहिलं. मी काउंटरवरच्या काचेखालची ड्रिलची बिटं बघत होते. लहान, मोठी, त्याहून मोठी. माझ्या बाजूला त्यांचा उजवा हात काउंटरच्या कडेवर टकटक वाजत होता. एरवी तो वाजायला लागला की ते खिशात घालायचे. आता तो तिथंच राहिला. ते काहीतरी जुळवत होते. सर्जेरावाची हाक, चाचांचं गप्प पडलेलं ड्रिल, अर्ध्यावर अडकलेले इतके सगळे स्क्रू. कदाचित बुधगावची ती फळीही. मला हे सगळं त्यांच्या डोळ्यांत एकामागून एक येताना दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

चहा आला. त्यांनी घेतला नाही. बॅटऱ्या भरून होईपर्यंत ते दुकानाच्या पायरीवर उभे होते, रस्त्याकडं तोंड करून.

परत येताना ते माझ्यामागं बसले आणि हात माझ्या खांद्यावर ठेवला. हात हलत होता. मी स्कूटर सावकाश चालवली, जणू त्यानं काही फरक पडणार होता. मिरज जवळ आली तेव्हा ते बोलले.

“बाफनाचं यंत्र बिघडलंय.”

“हो,” मी म्हटलं. “मलाही तसंच वाटलं.”

“त्याला सांगू नगंस. नवीन आणलंय. वाईट वाटंल त्याला.”

मी आरशात त्यांचा चेहरा शोधला. वाऱ्यामुळं त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून मला ते पडवीत बसलेले दिसले. टेबलाच्या कडेवर त्यांनी उजव्या हाताचं बोट दाबून धरलं होतं, बटणावर धरावं तसं. मग ते उचलायचं. बोट उठायचं, पण त्यांनी ठरवल्यावर लगेच नाही. ते पुन्हा दाबायचे, पुन्हा उचलायचे. कधी लवकर उठायचं, कधी ते नुसते त्या बोटाकडं बघत बसायचे आणि बोट तसंच. मी पोळी तव्यावर करपू दिली. पुढं जाऊन काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं. इतकी पुस्तकं माझ्या हातांखालून गेली होती, एखाद्यात ते सापडलंही असतं. पण ते मला त्या वेळी आठवलं नाही. मी चाचांना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. त्यांना काय सांगणार होते? नानांना कळलंय, असं? मग ते उद्या नानांकडं बघणार कसे?

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. डबा घेऊन येते पाठोपाठ, असं न म्हणता मी सरळ त्यांच्याबरोबर निघाले. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. बॅटऱ्यांची पिशवी स्वतःच घेतली. चार जिने चढताना दोनदा थांबले. मी पिशवी मागितली, त्यांनी दिली नाही.

चाचा आणि सर्जेराव नुकतेच येऊन भुसा झाडत होते. चाचांनी माझ्याकडं बघितलं. काय झालं, असं त्यांचे डोळे विचारत होते. मी दुसरीकडं बघितलं, आणि बहुतेक त्यांनी त्याचा अर्थ सगळं ठीक असा घेतला. नानांनी पिशवी बादलीत रिकामी केली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बाफनानं सगळ्याच्या सगळ्या भरून दिल्या आहेत. बादलीत उतरलेली एकही नाही. आणि सकाळची वेळ, कुणाचंही काम अर्धवट अडकलेलं नाही.

नानांनी भिंतीची ती फळी काढून दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकायला सांगितली. सर्जेरावानं टाकली. नानांनी कटर घेतला, वाकून बादलीतली पहिली हाताला आली ती बॅटरी उचलली आणि लावली. बादलीतली म्हणजे उतरलेलीच, अशा समजुतीनं चाचा निर्धास्त होते. त्यांनी झाडूही खाली ठेवला नाही.

नानांनी बटण दाबलं.

रिकाम्या खोल्यांत तो आवाज फार मोठा झाला. चाचांच्या हातातला झाडू पडला. ते बोलायला गेले, नाना, मला जरा, माझं इथं... पण त्यांच्या हातात काहीच नव्हतं, ड्रिल अजून पेटीत होतं. सर्जेराव एक पाऊल मागं सरला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो पुढं आला आणि फळीचं पलीकडचं टोक त्यानं दोन्ही हातांनी धरलं. गुडघा मात्र लांब ठेवला. नानांनी ते बघितलं. गुडघ्याकडं बघितलं. त्याच्या पँटला तिथं दुसऱ्या कापडाचं ठिगळ होतं.

पातं फिरत होतं. नानांनी ते रेघेजवळ आणलं. हात शांत होता, खरंच शांत, लहानपणी मी बघायची तसा. कटर रेघेवर आला, बोटभर अंतर राहिलं. मला वाटत होतं, की मी ओरडावं. आणि मला वाटत होतं, की त्यांनी कापावं. दोन्ही एकाच वेळी.

ते थांबले. कटर त्यांनी फळीपासून दूर, बाजूला, स्वतःच्या अंगापासूनही लांब घेतला. बटण सुटलं नाही. पातं हवेत फिरत राहिलं. त्यांनी डाव्या हातानं काही केलं नाही, कुणाला हाक मारली नाही. नुसते त्या बोटाकडं बघत उभे राहिले. आम्ही तिघंही त्या बोटाकडं बघत होतो. मग ते उठलं. पातं फिरत फिरत मंदावलं आणि थांबलं.

नानांनी बॅटरी काढली आणि चाचांच्या पुढं धरली.

“ही बी उतरली, इलाही.”

चाचांनी ती दोन्ही हातांनी घेतली. ते म्हणाले, “व्हय नाना. उतरलीच ही.”

“मग तू काप. माझं काय, भरून आणीपत्तोर जेवायची वेळ हुईल.”

त्यांनी कटर चाचांच्या हातात दिला आणि फळीच्या बाजूला, जिथून रेघ नीट दिसते तिथं जाऊन उभे राहिले. चाचांनी तीच बॅटरी कटरला परत लावली. कटर तसाच गरजला. चाचा वाकले. मी त्यांना कपाटांची किती दारं कापताना बघितलं असेन, रेघ कधी पेन्सिलभर चुकली नव्हती. त्या दिवशी अर्ध्यापर्यंत गेल्यावर त्यांनी डोळे खांद्याला पुसले, आणि पातं रेघेवरून सरकलं. शेवटपर्यंत ते परत रेघेवर आलं नाही.

त्यांनी मशीन बंद केलं. सर्जेरावानं कापलेला तुकडा धरून ठेवला होता, त्याला तो खाली ठेवावा की नाही कळेना. चाचा फळीच्या कडेकडं बघत उभे राहिले. वर मान करेनात.

नाना पुढं आले. कडेवरून त्यांनी हात फिरवला, जिथं चुकलं होतं तिथं दोनदा.

“असू दे,” ते म्हणाले. “कडेला पट्टी मारली की दिसत न्हाई.”